उस्ताद मास्तर होणार का?

फेब्रुवारीत एनसीसीच्या ‘सी’ सर्टिफिकेट परीक्षेच्या कामासाठी दोन दिवस कुंभकोणमला होतो. संध्याकाळी काम आटोपल्यावर आमच्या बटालियनचे एक हवालदार आणि मी कावेरीच्या काठाने चालत निघालो. पात्रात पाणी थोडं, वाळू जास्त. जवळच शासकीय कला महाविद्यालयाच्या जुन्या इमारती. एका टपरीवर थांबून इथली प्रसिद्ध डिग्री कॉफी मागवली.

हवालदारांचं नाव लिहीत नाही, तशी त्यांची विनंती आहे. कॅडेट त्यांना उस्ताद म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो. माण तालुक्यातले, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, सध्या एनसीसीत इन्स्ट्रक्टर. वय ४२, सेवा २३ वर्षं, पेन्शनला १४ महिने बाकी. त्यांनी पिशवीतून लाल कापडी पाठीचं रजिस्टर काढून माझ्यापुढे ठेवलं. मला वाटलं कॅडेटांची हजेरी असेल. उघडलं तर आत गोष्टी. समास सोडून, सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या, एकूण सव्वीस.

“साहेब, यातल्या दोन दिवाळी अंकात आल्यात. मुक्त विद्यापीठातनं बी.ए. झालंय. पेन्शन आली की बी.एड. करावं म्हणतो. मास्तर झालो की लिहायला वेळ मिळंल. संध्याकाळी शाळा सुटली की आपण मोकळे. मे महिना सुट्टी, दिवाळीची सुट्टी. सिक्युरिटीची नोकरी धरली तर बारा तास गेटवर उभं राहायचं. त्यात काय लिहिणार?”

मी कॉफीचा घोट घेतला आणि म्हणालो, “उत्तम विचार आहे. करा.”

दोन मिनिटांत दिलेला सल्ला. पेन्शनच्या उंबरठ्यावरचा जवान साहेबांना विचारतो आणि आपण असेच दोन मिनिटांत त्याच्या पुढच्या पंधरा वर्षांचा निकाल लावून मोकळे होतो. हा लेख मी तो सल्ला मागे घेण्यासाठी लिहितो आहे. सगळा नाही, अर्धा.

आधी हिशेब, कारण तो मी त्या दिवशी केलाच नव्हता.

बी.एड. दोन वर्षांचं आहे. ते नियमित कॉलेजात जाऊनच करावं लागेल, कारण घरबसल्या होणारं बी.एड. आधीच प्रशिक्षित असलेल्या शिक्षकांसाठी आहे. त्या दोन वर्षांत २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत उमेदवारी. बी.एड. झालं तरी पहिली ते पाचवीचं दार बंदच; तिथे डी.एल.एड. लागतं, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. सहावी ते आठवीसाठी टीईटी किंवा सीटीईटी हवी. १५० गुणांचा पेपर, खुल्या गटाला पास व्हायला ९० गुण. मग महाराष्ट्रातली अभियोग्यता चाचणी, पवित्र पोर्टल आणि जाहिरातीची वाट पाहणं. नेमणूक झालीच तर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर. २०२३ पासून ते प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयात २०,००० रुपये आहे. माजी सैनिकांना समांतर आरक्षण आहे, वयातही सवलत आहे, हे खरं. पण सवलतीने वय कमी होत नाही.

उस्तादांचं गणित मांडू. ४३ व्या वर्षी बाहेर पडणार. ४५ ला बी.एड. परीक्षा, जाहिरात, यादी यांत कमीत कमी एक वर्ष, म्हणजे ४६. तीन वर्षं शिक्षण सेवक, म्हणजे ४९. निवृत्ती ५८ ला. सगळं वेळेवर झालं तर कायम शिक्षक म्हणून हातात येतात नऊ वर्षं. मुलगी आत्ता नववीत आहे. बापाचं आणि मुलीचं कॉलेज एकाच वेळी सुरू होईल, आणि घर चालेल ते पेन्शनवर.

आता वेळेचं बघू. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाला आठवड्याचे किमान ४५ तास सांगितले आहेत, तयारीचे तास धरून. पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस, सहावी ते आठवीला २२०. त्याच कायद्याचं कलम २७ शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीच्या कामाला लावायची मुभा देतं. पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती भरणं, वह्यांचे गठ्ठे, पालकांचे फोन हे वेगळं. माझ्या ओळखीतले शिक्षक संध्याकाळी घरी येतात तेव्हा त्यांच्या अंगात गोष्ट लिहिण्याचं त्राण असतं असं मला तरी दिसलेलं नाही. सिक्युरिटीवाल्याचे पाय दुखतात. शिक्षकाचा घसा आणि डोकं.

“मग साहेब, एवढे सगळे लेखक मास्तर कसे होते?” असं उस्तादांनी दुसऱ्या दिवशी विचारलंच. प्रश्न बरोबर होता. वि. स. खांडेकर १९२० ला शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून गेले आणि १९३८ पर्यंत तिथे राहिले. ‘उल्का’, ‘दोन ध्रुव’ याच काळातल्या. नारायण सुर्वे मुंबईत आधी शाळेचे शिपाई होते, नंतर शिक्षक झाले. आणि साने गुरुजी तर ‘मास्तर’ या शब्दाचंच दुसरं नाव.

पण साने गुरुजींचं नीट पाहा. ते अमळनेरच्या शाळेत १९२४ ते १९३० शिक्षक होते. त्या वर्षांत त्यांची लेखणी बरीचशी मुलांसाठी आणि वसतिगृहासाठीच झिजली. ‘श्यामची आई’ लिहिली १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात. नुसता वेळच हवा असेल तर तुरुंगाइतकी उत्तम जागा नाही. तरीही ते पुस्तक तुरुंगातून आलं असं मला वाटत नाही. त्याची रचना आठवा: रात्र पहिली, रात्र दुसरी. श्याम बोलतो आहे आणि समोर मंडळी बसून ऐकत आहेत. दिवसभर वर्गात आणि रात्री वसतिगृहात मुलांपुढे बोलून ज्याची वाणी घडली, त्यालाच ते असं सुचतं. अमळनेरने त्यांना वेळ दिला नाही, समोर ऐकणारी माणसं दिली.

याच मुद्द्यासाठी मला कुंभकोणममधल्या एका मास्तरांची गोष्ट सांगायची आहे. आपल्याकडे ती फारशी माहीत नाही.

उ. वे. स्वामिनाथ अय्यर. १८५५ चा जन्म. तमिळ लोक त्यांना प्रेमाने ‘तमिळ ताता’, म्हणजे तमिळचे आजोबा म्हणतात. मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै या मोठ्या कवी-गुरूंच्या हाताखाली ते शिकले आणि १८७६ ला गुरू गेल्यावर तिरुवावडुदुरैच्या मठात राहून तिथल्यांना शिकवू लागले. कुंभकोणमच्या याच कॉलेजात तमिळ शिकवणारे त्यागराज चेट्टियार निवृत्त होताना आपल्या जागेवर कोण यावं म्हणून मठात गेले आणि या पंचविशीतल्या तरुणाला मागून घेतलं. १८८० साली अय्यर इथे रुजू झाले. आपल्याला अभिमान वाटावा असा तपशील म्हणजे कॉलेजची धुरा तेव्हा टी. गोपाळराव या तंजावर मराठी घराण्यातल्या गृहस्थांकडे होती. हे गावच तसं आहे. त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली इथेच जन्मले, आणि त्रावणकोरमध्ये त्यांची सुरुवात झाली ती राजपुत्रांचे शिक्षक म्हणून.

तर अय्यरांना नोकरी लागली, पगार सुरू झाला. उस्तादांच्या हिशेबाने आता त्यांनी निवांत लिहायला बसायचं. झालं वेगळंच. १८८० च्याच ऑक्टोबरात ते इथल्या मुन्सफांना, सेलमच्या रामस्वामी मुदलियारांना, भेटायला गेले. मुदलियारांनी विचारलं, काय काय वाचलंय? अय्यरांनी भली मोठी यादी सांगितली. समोरच्यावर काही परिणाम नाही. मग मुदलियारांनी जुन्या ग्रंथांची नावं घेतली आणि ‘जीवक चिंतामणी’बद्दल विचारलं. अय्यरांनी तो वाचलेला नव्हता. कॉलेजातला तमिळचा शिक्षक, एवढ्या मोठ्या गुरूचा शिष्य, आणि एका मुन्सफाच्या प्रश्नापुढे निरुत्तर. मुदलियारांनी ग्रंथ दिला आणि म्हणाले, मला शिकवा.

जो ग्रंथ स्वतःला कळत नाही तो शिकवायला ते बसले. ग्रंथ जैन परंपरेतला, अय्यर शैव वातावरणात वाढलेले. शब्द अडले. तेव्हा कळलं की याच गावात जैन घरं आहेत. तिथे गेले तर ‘चिंतामणी’चा पाठ पूर्ण झाल्याचा उत्सव चाललेला. कॉलेजचे प्राध्यापक त्या घरात विद्यार्थी होऊन बसले. हस्तलिखितं जमवली, ताडून पाहिली, सुट्ट्यांत मद्रासला जाऊन छपाईवर देखरेख केली. १८८७ साली ‘जीवक चिंतामणी’ छापून आली. त्यानंतर १८९२ ला ‘सिलप्पदिकारम’, १८९४ ला ‘पुरनानूरु’, १८९८ ला ‘मणिमेखलै’. हे सगळं कुंभकोणमला नोकरी करत असताना. १९०३ ला ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गेले. वाळवी लागलेल्या ताडपत्रांतून जे प्राचीन तमिळ साहित्य आज उभं आहे, त्याचा फार मोठा वाटा त्या तेवीस वर्षांतला आहे. आयुष्याच्या शेवटी त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, ते आजही तमिळ गद्याचा नमुना म्हणून वाचलं जातं.

नोकरीने त्यांना वेळ दिला का? मुळीच नाही. नोकरीने त्यांना असं गाव दिलं जिथे कोणीतरी प्रश्न विचारणार होतं, आणि अशी खुर्ची दिली जिच्यावर बसून ‘मला माहीत नाही’ असं म्हटल्यावर शिकून घेण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. माझ्या मते लेखकाला शिक्षकाच्या नोकरीतून मिळण्यासारखं हे एवढंच आहे, आणि ते खूप आहे. पण ज्याला प्रश्न नको आहेत, फक्त मोकळी संध्याकाळ हवी आहे, त्याने त्या वाटेला जाऊ नये. त्याचंही नुकसान, मुलांचंही.

मुलांचं नुकसान हे मी उगाच म्हणत नाही. याच कॉलेजात, अय्यर गेल्यावर पुढच्याच वर्षी, १९०४ ला, एक मुलगा शिष्यवृत्ती घेऊन आला. श्रीनिवास रामानुजन. गावच्या टाउन हायस्कूलच्या हेडमास्तरांनी त्याला गणिताचं बक्षीस देताना, याला पैकीच्या पैकीपेक्षा जास्त गुण द्यायला हवेत, असं म्हटलं होतं. कॉलेजात तो गणित सोडून बाकी विषयांत नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली. एक हेडमास्तर ओळखतो, एक नियमावली ओळखत नाही. आपण कुठल्या बाजूला उभे राहणार आहोत, हे शिक्षकाला रोज ठरवावं लागतं, आणि संध्याकाळच्या गोष्टीत मन अडकलेल्या माणसाला ते जमत नाही.

आणखी एक तारीख या गावात आलं की मनातून जात नाही. १६ जुलै २००४. इथल्या एका शाळेत आग लागली. झावळ्यांचं छप्पर, अरुंद जिना. ९४ मुलं गेली. गावात त्यांचं स्मारक आहे. तिथे उभं राहिलं की फौजीच्या डोक्यात एकच विचार येतो: हेडकाउंट. माझ्या ताब्यात किती होते, किती बाहेर आले. प्लाटून असो की चौथीचा वर्ग, ज्याच्या हाताखाली दुसऱ्याची मुलं आहेत त्याला अर्धं लक्ष देऊन चालत नाही.

खडकवासल्यापासून आम्हाला एक गोष्ट घोटून घोटून शिकवली: कुठलाही आराखडा करताना आधी ‘एम’ लिहायचा, आणि तो एकच असायला हवा. उस्तादांच्या आराखड्यात एम होता लेखक होणं. शाळा हे तिथे पोचायचं वाहन होतं. म्हणून मी त्यांना म्हणालो, “उस्ताद, माझा सल्ला परत घेतो. आधी रेकी करा. मार्चात रजेवर जाताय ना? गावच्या शाळेत जाऊन विचारा, पंधरा दिवस एखादा वर्ग सांभाळू देतात का. फुकट. आणि त्या पंधरा दिवसांत किती ओळी लिहून होतात ते मला येऊन सांगा.”

रजेवर असतानाच त्यांच्याकडे एक मध्यस्थ आला. एका संस्थेत कायम जागा ‘करून देतो’ म्हणाला आणि आकडा सांगितला. तो आकडा उस्तादांना पेन्शनीत मिळणाऱ्या एकरकमी पैशाच्या जवळपास होता. योगायोग नव्हे. या लोकांना आपली ग्रॅच्युइटी आपल्या आधी माहीत असते. माझ्या माजी सैनिक वाचकांना हात जोडून सांगतो, शिक्षकाची नोकरी विकत घेऊ नका. पैसे बुडतील ही भीती तर आहेच, पण बुडाले नाहीत तरी खरेदी केलेल्या खुर्चीवरून मुलांना खरं बोलायला सांगायचं कुठल्या तोंडाने? उस्तादांनी त्याला चहा पाजून परत पाठवला.

एप्रिलच्या सुरुवातीला उस्ताद हजर झाले. मी विचारलं, “किती ओळी?”

“एक पण नाही, साहेब.”

“मग?”

त्यांनी सांगितलं ते असं. शाळेने पाचवीचा वर्ग दिला. पहिले तीन दिवस त्यांनी आपल्या पद्धतीने घेतला: आधी नमुना, मग बयान, मग सराव. मुलं ओळीत बसली, पण काही बोलेनात. चौथ्या दिवशी मराठीचा तास रिकामा होता म्हणून रजिस्टरमधली सातवी गोष्ट वाचून दाखवली. सीमेवरचा एक शिपाई, बर्फ, एकटी चौकी, तो डगमगत नाही, अशी. दिवाळी अंकात आलेल्या दोन गोष्टींपैकी ती एक. वाचून झाल्यावर एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, त्याला भीती वाटत नाही तर तो रात्रभर जागा का आहे?”

“साहेब,” उस्ताद म्हणाले, “तेवीस वर्षं मी कॅडेटांना, रंगरुटांना शिकवतोय. शंका आहे का विचारलं की सगळे एका आवाजात ‘नाही उस्ताद’ म्हणतात. संपादकांनी गोष्ट छापली, त्यांनी पण काही विचारलं नाही. ह्या पोरीनं विचारलं. मला उत्तर येत होतं, पण ते गोष्टीत नव्हतं.”

मला रामस्वामी मुदलियार आठवले. पाचवीतली मुन्सफच ती.

तर माझं मत आता असं आहे, आणि ते फक्त उस्तादांसाठी नाही. पेन्शनला टेकलेल्या, वही लपवून लिहिणाऱ्या प्रत्येक जवानासाठी आहे. मला तुमच्यासारखे बरेच भेटले आहेत. लिहायला वेळ हवा असेल तर शिक्षक होऊ नका. पेन्शन आहे, तिच्यात भागत असेल तर शेती करा, लहानसं दुकान टाका, पहाटे उठून लिहा. फौजेने आपल्याला पहाटे उठायला शिकवलंच आहे. पण तुमची गोष्ट मुलांपुढे उघडी पडली तर राग येण्याऐवजी उत्सुकता वाटते असं असेल, आणि आयुष्यात पुढे एक ओळही छापून आली नाही तरी वर्गात जावंसं वाटेल अशी खात्री असेल, तर जा. ४३ व्या वर्षीही जा. नऊ वर्षं कमी नाहीत. फक्त हिशेब आधी करा, बायकोसमोर कागदावर करा, आणि पेन्शन येण्याआधी पंधरा दिवस का होईना एखाद्या वर्गात उभे राहून या. ज्या कामाची चव घेता येते ते न चाखता पत्करू नये.

आणि साहेब लोकांसाठी एक ओळ. जवान असा प्रश्न घेऊन आला की कॉफी संपायच्या आत उत्तर देऊ नका.

उस्तादांचा निर्णय? सीईटीचा फॉर्म पुढच्या वर्षी भरणार आहेत, पण घरच्यांच्या एका अटीवर. पहिल्या प्रयत्नात भरती झाली नाही तर दुसऱ्याच महिन्यात मिळेल ती नोकरी धरायची. मला अट रास्त वाटते. सातवी गोष्ट त्यांनी नव्याने लिहायला घेतली आहे. शिपाई आता घाबरतो. शेवट अजून जमलेला नाही. जमला की आधी कोणाला दाखवणार, असं मी विचारलं. मला वाटलं माझं नाव घेतील.

“जूनमध्ये दोन दिवस सुट्टी द्या, साहेब,” ते म्हणाले. “ती पोर सहावीत गेली असंल.”